डबीवाल्याची फुकटाशी लढाई

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी दहा-बारा वर्षं डब्या विकल्या. काडेपेटीपेक्षा जरा जाड, करड्या रंगाची, दोन्ही टोकांना पितळी दात असलेली प्लॅस्टिकची डबी. कॉम्प्युटरच्या पाठीत, प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं ती खोचायची. खोचली की कॉम्प्युटर मराठी लिहू लागे, उपसली की मुका. मराठी त्या डबीतच भरलेली आहे, असं माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना वाटायचं. मी त्यांचा समज कधी दुरुस्त केला नाही. एखाद्या समजावर दुकान चालत असेल तर दुकानदारानं मास्तरकी करू नये.

खरी गोष्ट अशी की मराठी होती फ्लॉपीत, पुढं सीडीत. फ्लॉपीची नक्कल कोणीही काढू शकतो, म्हणून पुण्याच्या आमच्या कंपनीनं ही डबी काढली. सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी डबी आहे का ते बघायचं. नसली की बंद. म्हणजे डबी हा पहारेकरी. आम्ही तिला कुलूप म्हणायचो, गिऱ्हाईक डबी म्हणायचं आणि वडशाला लोक मला 'डबीवाले' म्हणायचे.

हिवाळ्यात मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या धानाच्या भागात गावोगाव रात्रभर चालणाऱ्या, नाटकांत खलनायक करत असे. त्यामुळं डेमो म्हणजे माझ्यासाठी दिवसाचा प्रयोग. तहसीलदार असो की लग्नपत्रिकांचा प्रेसवाला, मी आधी त्याचंच नाव टाइप करायचो. मोठ्या अक्षरांत, मागं सावली, भोवती वेलबुट्टी. नाव पाहून माणूस हळूच खुर्चीत सरळ बसतो. हे तुम्ही कधी नीट पाहिलं नसेल, मी शेकडो वेळा पाहिलंय. तो सरळ बसला की मी डबी उपसायचो. पडदा रिकामा.

"अरे, माझं नाव कुठी गेलं?"

"डबीत, साहेब."

ऑर्डर पक्की. डबीची किंमत एका बऱ्या बैलाएवढी होती, पण स्वतःचं नाव असं डोळ्यांदेखत गेल्यावर बैलाचा विचार कोण करतो?

कोळशाच्या पट्ट्यातल्या एका ऑफिसातून मला रोज फोन यायचा की सॉफ्टवेअर चालत नाही. मी दोनदा जाऊन आलो. माझ्यासमोर चालायचं, मी निघालो की बंद. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी स्टोअरकीपरला विचारलं, "डबी कुठी आहे?"

"कपाटात," तो म्हणाला.

"कपाटात काऊन?"

"एवढी महागाची वस्तू उघड्यावर ठेवू का जी? संध्याकाळी काढून कपाटात टाकतो."

"मग सकाळी लावायची ना."

"कपाटातून सामान काढाले साहेबाची सही लागते. साहेब दौऱ्यावर आहे."

मी आलो की 'इंजिनिअर आले' म्हणून छोटे साहेब सही करायचे, डबी बाहेर यायची, मी गेलो की परत आत. त्या ऑफिसात मराठी फक्त मी असताना चालायची. मला अजून त्याचा अभिमान आहे.

पण डबी हे खरं कुलूप नव्हतंच. खरं कुलूप अक्षरांत होतं. ते सोपं करून सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. इंग्रजीचे नंबर साऱ्या जगानं मिळून ठरवले. मराठीचे मात्र प्रत्येक कंपनीनं आपापले ठरवले. आमच्या कंपनीत 'क' ज्या नंबरावर, त्याच नंबरावर दुसऱ्या कंपनीत टक्क्याची खूण. त्यामुळं आमच्याकडं टाइप केलेला मजकूर दुसरीकडं उघडला की पानभर मुंगळे. म्हणजे गिऱ्हाइकाला कंपनी सोडायची असेल तर त्यानं आजवर जे काही टाइप केलं ते सगळं मागं ठेवून जायचं. कोण जाणार? घर आवडत नाही म्हणून कोणी भांडी-अंथरूण टाकून निघत नाही. माझं चंद्रपुरातलं जटपुरा गेटाजवळचं दुकान या एका गोष्टीवर उभं होतं. बँकेतली कारकुनी सोडून मी ते टाकलं होतं. बायकोनं, मालतीनं, तेव्हा एवढंच विचारलं होतं, "हे चालणं बंद झालं तर बँक परत घेईन का तुमाले?" मी हसलो होतो. मराठी बंद कशी पडेल?

वडशाला रशीदभाईंचा प्रेस होता. दसऱ्यापासून वडशाची हवाच बदलते. नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात आणि गावोगावचे लोक मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला येतात. प्रत्येक गावाच्या प्रयोगाचं वेगळं पत्रक, आणि त्यातली बहुतेक रशीदभाईंकडं छापली जायची. शिवाय जुन्या नाटकांच्या फाटक्या वह्या टाइप करून ठेवण्याचं एक खूळ त्यांनी घेतलं होतं, प्रॉम्प्टरला नीट प्रत मिळावी म्हणून. चाळीसेक नाटकं त्यांनी आमच्या अक्षरांत बसवली होती. त्यातल्या काहींची मूळ वही वाळवीनं खाल्ली. म्हणजे ती नाटकं आता फक्त रशीदभाईंच्या कॉम्प्युटरमध्ये.

एका वर्षी ऐन दसऱ्याच्या तोंडावर वीज पडली. कॉम्प्युटर सुधारला, डबी मात्र जळाली. मी पुण्याला फोन लावला. आमचे रिजनल मॅनेजर दीक्षित साहेब. आवाज साजुक तुपातला.

"विलासराव, डबी म्हणजे लायसन. डबी जळाली म्हणजे लायसन जळालं. त्यांना नवीन घ्यावं लागेल."

मी ते जसंच्या तसं रशीदभाईंना सांगितलं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"विलासभाऊ, घर जला तो क्या रजिस्ट्री भी जल जाती है?"

"कंपनीचा नियम आहे, भाई."

"कागज मेरा, बिजली मेरी, टाइप मी केलं, नाटक आपल्या लोकांचं. मंग कंपनीचं काय आहे त्याच्यात?"

मी माझी डेमोची डबी त्यांना सीझनपुरती दिली. त्या डबीत एक खोड होती. छापलेल्या प्रत्येक पानावर खाली 'फक्त नमुन्यासाठी' असं आपोआप उमटायचं. रशीदभाई म्हणाले, उमटू दे. त्या हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या बहुतेक पत्रकांवर खाली ठळक 'फक्त नमुन्यासाठी'. पुढल्या वर्षी आरमोरीकडचं एक मंडळ नाटक ठरवायला आलं. त्यांचा पाटील म्हणाला, "आम्हाले ते पाह्यजे, गेल्या साली साऱ्या कंपन्यांनी केलं ते. फक्त नमुन्यासाठी. लय चाललं म्हणते."

मडावी सर आले ते याच प्रेसमध्ये.

गडचिरोलीच्या एका कॉलेजात ते तासिकेवर शिकवत. तासिकेवर म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढल्या जूनमध्ये घेतील की नाही ते देव जाणे. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. एसटीनं आले, मांडीवर धानाचं पोतं, पोत्यात कॉम्प्युटर. त्यांच्याजवळ ओपन सोर्सवाली सीडी होती. ओपन सोर्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर. घ्यायला पैसे नाहीत, डबी नाही, आणि मुख्य म्हणजे ते आतून कसं बनलंय तेही उघडं. वाटलं तर बदला, दुसऱ्याला द्या. सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यात मराठी बसवली होती. अक्षरांचे नंबर कोण्या कंपनीचे नाहीत, साऱ्या जगानं ठरवलेले. युनिकोड.

रशीदभाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मजा बघायला चार नाटक कंपन्यांचे मालकही बसले होते. मला गर्दी दिसली की अंगात येतं.

सरांनी सगळं दाखवलं. छान होतं. मी हात जोडून म्हणालो, "वा सर, सुंदर. आता एक प्रिंट काढून दाखवा ना जी."

मला ठाऊक होतं. रशीदभाईंचा प्रिंटर जुना होता आणि त्या फुकटच्या सिस्टिमला तो ओळखू येणार नव्हता. सरांनी खटपट केली. प्रिंटर नुसता घसा खाकरल्यासारखा करायचा आणि गप्प बसायचा.

"प्रिंट नाई निघत अजून," सर म्हणाले.

मी डबी खिशातून काढली, मालकांना एकेकाला दाखवली, रशीदभाईंच्या कॉम्प्युटरला खोचली आणि पत्रक छापलं. टाळ्या पडल्या. मी पडद्याकडं पाठ करून नमस्कारही केला. परत येताना एसटीत मी खिडकीशी बसून शीळ घालत होतो.

सर दिवाळीआधी परत आले. यावेळी प्रिंट निघाली. पण नुसती प्रिंट नाही. त्यांनी एक कनव्हर्टर लिहिला होता, म्हणजे आमच्या कंपनीचे नंबर घेऊन त्यांचे जगाचे नंबर करणारं यंत्र. रशीदभाईंचं एक जुनं नाटक त्यांनी त्यात टाकलं आणि ते पलीकडून सरळ मराठीत बाहेर आलं. डबी नाही, काही नाही. मी तिथंच होतो, मालक लोकांबरोबर चहा घेत. रशीदभाईंनी चष्मा चढवला आणि पहिल्या प्रवेशातलं पाटलिणीचं बोलणं मोठ्यानं वाचू लागले. एकही अक्षर चुकलं नव्हतं. वाचता वाचता ते माझ्याकडं बघत होते. मालक लोक हसले, कारण त्यांना वाटलं पाटलीण विनोदी आहे.

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दुकान आलं. भांडी-अंथरूण घेऊन जायला आता बैलगाडी दारात उभी होती. हे यंत्र गावोगाव गेलं तर माझ्याकडं कोणी कशाला येईल? मी त्याच दिवशी दीक्षित साहेबांना फोन केला.

इथून पुढं कंपनीनं जे केलं ते मी एखादं चार अंकी नाटक विंगेतून पाहावं तसं पाहिलं. कधी विंगेतून, कधी मधोमध उभं राहून.

पहिल्या अंकात कंपनी हसली. "कॉलेजच्या पोरांचा खेळ आहे, विलासराव. दुर्लक्ष करा."

दुसऱ्यात तिनं घाबरवलं. नागपूरच्या हॉटेलात आम्हा डीलरांची मीटिंग झाली. जेवण फार चांगलं होतं. दीक्षित साहेबांनी पडद्यावर एका रडणाऱ्या पोराचं चित्र दाखवलं. म्हणाले, "ओपन सोर्स हे अनाथ सॉफ्टवेअर आहे. उद्या बिघडलं तर कोणाच्या दाराशी जाणार? गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा. याचा बाप कोण?"

मला संवाद मिळाला की मी त्याचं सोनं करतो. गोंडपिंपरीपासून कुरखेड्यापर्यंत प्रत्येक टेबलावर मी खर्जात विचारलं, "साहेब, याचा बाप कोण?" लोक हादरायचे. एका नायब तहसीलदारांनी तेवढं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "विलासभाऊ, या ऑफिसातल्या अर्ध्या कागदांचा बाप आम्हाले मालूम नाई. त्याच्यानं काम थांबते का?"

आणि एक गंमत सांगतो. ज्यांनी ज्यांनी सरांची सीडी घेतली, ते अडले की फोन मलाच करायचे. "भाऊ, ते फुकटवालं अडलं, जरा या ना." मी जायचो. दुकानाचा माणूस, जाणार नाही तर काय. कंपनी ज्याला अनाथ म्हणत होती त्याला मी सायकलवर बसवून दवाखान्यात नेत होतो. शिकलोही त्यात. सरांना विचारायचो, सरही सांगायचे. 'तुमच्या कंपनीला सांगू नका' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या अंकात टेंडर आलं. सरकारी खरेदीच्या अटींत नव्या ओळी दिसू लागल्या. पुरवठादाराची उलाढाल इतकी हवी, इतक्या वर्षांचा अनुभव हवा, अमुक नमुन्याची अक्षरं हवीत. अमुक नमुना म्हणजे आमचाच. सरांचं सॉफ्टवेअर तर कोणी विकतच नव्हतं. जे कोणी विकत नाही त्याचं टेंडर कोण भरणार? सर एका ऑफिसात गेले आणि म्हणाले, फुकट घ्या. तिथले बाबू म्हणाले, "विकत घ्यायचा अधिकार आम्हाले आहे जी. फुकट घ्याले वरची मंजुरी लागते." सरांनी मंजुरीसाठी अर्ज केला. तो अजून वरच आहे.

तरी कनव्हर्टर पसरत होता. प्रेसवाले, वकिलांचे टायपिस्ट, वाघांच्या जंगलालगतच्या मोहर्लीचा एक रिसॉर्टवाला, ज्याला मेन्यूकार्डावर वाघाच्या पट्ट्यांची अक्षरं हवी होती. माझी विक्री निम्म्यावर आली. तरी कंपनी आपल्यामागं आहे असं मी मालतीला सांगत होतो. आणि कंपनी खरंच मागं होती. धक्का मागूनच बसतो.

चौथा अंक चंद्रपुरातच झाला. एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. फलक, फुलं, पुण्याहून डायरेक्टर साहेब येणार. आदल्या दिवशी दीक्षित साहेब माझ्या दुकानात आले.

"विलासराव, निवेदन तुम्हीच करा. आवाज तुमचा."

"करतो साहेब. जाहीर काय करायचं?"

"उद्यापासून आपलं सॉफ्टवेअर मोफत. सर्वांना. डबी नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. काउंटरवर डब्यांचा नवा माल आला होता, अजून खोकीसुद्धा उघडली नव्हती.

"मग साहेब, मी काय विकू?"

"सर्व्हिस विका."

"सर्व्हिस तर मी आजवर फुकटच देत आलो."

दीक्षित साहेब प्रसन्न हसले. "बघा, म्हणजे तुम्ही आमच्या आधीच तिथं पोचलात."

एवढं चांगलं वाक्य मला कोणत्याही नाटकात मिळालं नाही. मी त्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी जॅकेट घालून मंचावर उभा राहिलो. सभागृह भरलेलं, माझीच सारी गिऱ्हाइकं. मी आवाज लावला आणि सांगितलं की मायमराठीचं कुलूप आज उघडत आहे. टाळ्या थांबेनात. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रवेश तो, आणि त्यात मी माझंच दुकान मारत होतो. मालती चौथ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

शेवटी एका गृहस्थांनी उठून विचारलं, "पण अडलं तं विचारायचं कोणाले?" दीक्षित साहेब माझ्याकडं बोट दाखवायला उठतच होते. मी माईक सोडला नाही. वडशाच्या बाजारात नाटकाची पुकार करतात त्या चालीत मी म्हणालो, "रसिकहो, कंपनी आपल्या घरचीच आहे. अडचण कोणतीही असो, वेळ कोणतीही असो, थेट डायरेक्टर साहेबांच्या मोबाइलवर बोला." आणि नंबर सांगितला. एकेक आकडा, दोनदा. लोकांनी सीडीच्या पाकिटावर लिहून घेतला. मागच्या रांगेतून कोणी ओरडलं, "शेवटचा आकडा पुन्हा सांगा," तोही सांगितला.

विंगेत दीक्षित साहेब म्हणाले, "विलासराव, हे काय केलंत?"

"सर्व्हिस, साहेब."

बाहेर टपरीवर मडावी सर उभे होते. त्यांच्याही हातात कंपनीची फुकटची सीडी. मी दोन चहा सांगितले.

"जिंकले तुम्ही, सर," मी म्हणालो. "तुम्हाले पाह्यजे होतं तेच झालं. फुकट."

ते पाकीट उलटसुलट करून बघत होते. "त्यांनी तांदूळ वाटला, भाऊ. मी धान वाटून राह्यलो होतो."

"म्हणजे?"

"तांदूळ खाता येते. पेरता नाई येत. पुढल्या साली पुन्हा त्यांच्याच दारात जा लागते."

"मग सांगा ना लोकाईले हे."

"सांगितलं. लोक म्हणते, सर, तांदूळ शिजवाले सोपा आहे."

तसंच झालं. दोन्ही फुकट म्हटल्यावर लोकांनी नाव असलेलं घेतलं. छान खोकं होतं, वर फोटो होता. रविवारी सरांच्या घरी जमणारी विद्यार्थ्यांची मंडळी पांगली. जे आहे ते कशाला पुन्हा बनवायचं? माझ्या दुकानात तर माशाही येईनात. फोन मात्र यायचे, कारण डायरेक्टर साहेबांनी आठवडाभरातच नंबर बदलला. मालती म्हणाली, "बँकेत एकदा विचारून तं पाहा." मी विचारलं नाही. मॅनेजर माझ्या कार्यक्रमाला आले होते, त्यांनी माझ्या निवेदनाची तारीफ केली असती, आणि मला ते ऐकवलं नसतं.

जून उलटून गेल्यावर मडावी सर दुकानात आले. बसले.

"यंदा कॉलेजनं नाई घेतलं, भाऊ."

"मग?"

"पुण्यात नोकरी भेटली."

"अरे वा. कुठी?"

"तुमच्याच कंपनीत."

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं.

"दीक्षित साहेब स्वतः आले होते गडचिरोलीले. मायच्या हातची भाकर खाल्ली. मायले म्हणाले, तुमचा मुलगा हिरा आहे."

"हिरा तं आहेच. आणि कनव्हर्टर?"

"सही करून दिला. आता कंपनीचा आहे."

मला राग यायला हवा होता. मी दहा-बारा वर्षं त्यांच्या बाजूनं लढलो, मला त्या कार्यक्रमात एक नारळ आणि शाल. हे त्यांच्याविरुद्ध लढले, यांना टेबल-खुर्ची. पण तो माणूस खुर्चीच्या कडेवर असा बसला होता, जणू खुर्ची माझी आहे आणि मी आता उठ म्हणेन. मी त्यांना वरोऱ्यापर्यंत सोडायला गेलो, तिथून त्यांना पुण्याची गाडी होती. बरोबर तेच पोतं. आत यावेळी कपडे होते.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. कनव्हर्टर परत कोणाला दिसला नाही. सरांच्या जुन्या सीड्या जिथं होत्या तिथं चालत राहिल्या, पण त्यात नवं काही कोणी घातलं नाही, आणि नवे कॉम्प्युटर आले की त्या बंद पडल्या. आता गडचिरोलीत फुकटवालं कोणी उरलं नाही अशी खात्री झाल्यावर कंपनीनं नवी आवृत्ती काढली. ती विकत. जुनी मोफत आवृत्ती नव्या कॉम्प्युटरवर चालेना. विक्री पुण्याहून फोनवर, मध्ये डीलर नाही. रशीदभाईंनी घेतली; कंपनीचं फुकट झाल्यावर बाकीची नाटकं त्यांनी कनव्हर्टरमधून काढलीच नव्हती. मी विचारलं, "भाई, तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले, "सीझन सर पे था, यार. चालीस नाटक लेके किधर जाता?"

आज प्रत्येकाच्या फोनमध्ये मराठी आहे, जगाच्या नंबरांत, डबीशिवाय. सर म्हणत होते तेच खरं ठरलं. पण ते आमच्याकडं बाहेरून, फार उशिरा आलं. एसटीतून, धानाच्या पोत्यातून आलं होतं ते आम्ही चंद्रपुरात रुजू दिलं नाही.

दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा एक दिवस सकाळी फोन आला. मडावी सर. आधी मालतीची चौकशी केली, मग नाटकाची, मग पावसाची. मी ओळखलं की काहीतरी बोलायचंय आणि बोलवत नाही.

"भाऊ, ती दुकानावरची पाटी. कंपनीच्या नावाची."

"हो. तिचं काय?"

"उतरवून पुण्याले पाठवा म्हणून राह्यले. नाव कंपनीचं आहे ना. डीलरशिप संपली, तं पाटी लावता नाई येत."

"सॉफ्टवेअर फुकट वाटलं, आणि पाटी परत मागता?"

"मले सांगाले लावलं, भाऊ."

"सर, खरं सांगा. तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलून राह्यले?"

पलीकडं कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, "पगाराच्या."

मी हसलो. ते हसले नाहीत. दोन्ही जिल्ह्यांत मी ज्या बाजूनं गळा फोडून बोललो, तिचं नाव त्यांनी एका शब्दात सांगितलं होतं.

पाटी मी स्वतः उतरवली. आठ फुटी, पत्र्याची, लाकडी चौकटीवर ठोकलेली. चांगली सुतळीनं बांधली आणि ट्रान्सपोर्टनं पुण्याला रवाना केली. टू-पे. म्हणजे भाडं घेणाऱ्यानं द्यायचं. एवढ्या मोठ्या वस्तूचं भाडं बरंच होतं. कंपनीनं माझ्यासाठी एकदा तरी खिशात हात घालावा, एवढीच माझी गंमत. घरी येऊन मालतीला सांगितलं, तर तीही कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

सहा-आठ महिन्यांनी रशीदभाई काही कामानं पुण्याला गेले, सरांकडं उतरले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं. कंपनीत टू-पे माल घ्यायची पद्धतच नव्हती. गेटवरूनच परत करत होते. तेव्हा सर खाली गेले आणि भाडं त्यांनी पदरचं भरलं. साहेबांना विचारलं, पाटी कुठं ठेवू? साहेब म्हणाले, कसली पाटी?

ती आता सरांच्या एका खोलीच्या घरात पलंगाखाली आहे. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येते, आणि येता-जाता त्यांच्या बायकोच्या पायाला लागते. कंपनीला ती नकोच होती. फक्त आमच्या भिंतीवर नको होती.